एक पेटी, तीन खुर्च्या

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, वरठी, जि. भंडारा

वाचनालयाच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि संगणक एकच. पोलीस भरतीचा अर्ज, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, कुणाच्या वडलांची धानविक्रीची नोंदणी, कुणाची सराव परीक्षा, सगळं त्याच पडद्यावर. रांग लागते हे आहेच, पण मला जास्त सलतं ते दुसरं. सगळी मुलं एकाच खात्यातून आत जातात. त्यामुळे डेस्कटॉपवर कुणाचं आधार कार्ड, कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या सहीचा फोटो उघडा पडलेला असतो. काल एक मुलगी अर्ज भरून झाल्यावर घुटमळली. "काका, हे आता कोणी उघडून पाहणार तं नाही ना जी?" तिच्यासमोरच फाइल पुसली. रोज कोण कोणाची पुसत बसणार?

नागपूरच्या एका कार्यालयाने काढून टाकलेली संगणकाची एक पेटी वाचनालयाला मिळाली आहे. समिती खूश, एकाचे दोन संगणक झाले म्हणून. माझं म्हणणं, या एका पेटीवर तिघांनी एकाच वेळी बसावं. तीन मॉनिटर, तीन कीबोर्ड, तीन माउस आणि ज्याचं त्याचं खातं. अध्यक्ष सरांनी नेमकं विचारलं, "एकाचं अडकलं तर तिघंही अडकतील का?" याचं उत्तर तोंडी देऊन भागणार नाही, करून दाखवावं लागेल.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या आजपासून थांबल्या. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या पेटीत चौथ्या पिढीचा आहे. त्या कार्यालयाच्या लेखी ती निकामी झाली ती एवढ्यासाठीच. एरवी तिला काहीही झालेलं नाही. चार गाभे, आठ जीबी मेमरी, आणि झाकण उघडलं तर बोर्डावर लांब खाचा दोन. त्या दोन खाचा पाहून मला जो आनंद झाला तो समितीत कुणाला समजावणं कठीण होतं. ग्राफिक्स कार्ड बसतं ते त्याच खाचेत.

अर्ज भरणाऱ्या मुलाच्या संगणकात आत काय चाललेलं असतं ते आकड्यांत पाहिलं. तो विचार करतो, कागद शोधतो, एकेक अक्षर दाबतो. तेवढा वेळ प्रोसेसर जवळजवळ रिकामा. धानाचं एक पोतं न्यायला अख्खा ट्रक काढावा तशी ही चैन. ट्रक आपल्याकडे आहेच. जागा तेवढ्या वाढवायच्या आहेत.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

एका यंत्रावर अनेकांनी बसणं ही काही नवी युक्ती नाही, मूळ रीत तीच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० बसला तेव्हा एका माणसाला एक संगणक ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं. एका यंत्राला अनेक टर्मिनलं, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या, ही घडण त्यात सुरुवातीच्या वर्षांतच पक्की झाली. लिनक्सने १९९१ पासून तीच घडण उचलली, म्हणून आमच्या पेटीत विंडोजऐवजी लिनक्सच घालायचं. मी जन्मभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात होतो, म्हणून मला आरक्षणाची खिडकी आठवते. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं ते व्हॅक्स यंत्रावर. खिडक्या अनेक, यंत्र आत एका खोलीत. तिकीट काढणाऱ्याला त्याचं कौतुकही वाटलं नसेल, कारण खिडकी त्याची होती.

मधल्या काळात घरोघरी संगणक आले आणि 'पर्सनल' हा शब्द पेटीला चिकटला. तो माणसाच्या खात्याला चिकटायला हवा होता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. वाचनालय बंद.

रविवार, २६ ऑक्टोबर

नागपूरच्या सीताबर्डीहून जुनी ग्राफिक्स कार्डं आणली. रेडिऑन एचडी ५४५०, दोन नग, बुटक्या पट्टीची, पंखा नसलेली. हीच का, याची कारणं लिहून ठेवतो. पुढे कुणाला करायचं झालं तर उपयोगी पडतील. पहिलं, वीज. एक कार्ड १९ वॅटच्या आसपास घेतं, आणि पेटीचा पुरवठा २४० वॅटचा, म्हणजे दोन्ही सहज सामावतात. दुसरं, या कार्डांचा मुक्त ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे, सोबतीला फर्मवेअरचं पॅकेज तेवढं लागतं. तिसरं, पंखा नाही म्हणजे धूळ ओढणं नाही. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात आणि रस्त्याच्या धुळीत जुन्या कार्डाचा पंखाच आधी मरतो.

मदतीला येणाऱ्या मुलाने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "काका, याला तं तीन भोकं आहेत. मंग एकाच कार्डावर तीन मॉनिटर लावून तिघं काऊन नाही बसत जी?" चांगला प्रश्न. भोकांना एकाहून जास्त मॉनिटर लावता येतील, पण ते एकाच माणसाचे पडदे होतील. लिनक्स खुर्ची मोजतो ती कार्डावर. एक खुर्ची म्हणजे किमान एक ग्राफिक्स कार्ड, त्याला जोडलेला मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस. एका कार्डाची तोंडं दोन खुर्च्यांत वाटायच्या तरकिबी आहेत, पण वाचनालयात रोज चालवायच्या नाहीत. बोर्डावरचं अंगचं ग्राफिक्स पहिल्या खुर्चीला, दोन कार्डं दुसरीला आणि तिसरीला. हिशेब पुरा.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

पेटीत डेबियन १३ हे लिनक्स घातलं. ऑगस्टमध्येच आलेली आवृत्ती. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई, कारण तो हलका आहे. दाराशी नाव-पासवर्ड विचारायला लाइटडीएम, कारण त्याला एकाहून अधिक दारं सांभाळता येतात.

कार्डं बसवल्यावर बोर्डाने स्वतःचं ग्राफिक्स बंद करून टाकलं. अशा बहुतेक पेट्यांची ती सवयच, बाहेरचं कार्ड दिसलं की आतलं झोपवायचं. बायोसमध्ये जाऊन 'एकापेक्षा जास्त मॉनिटर' हा पर्याय चालू केला तेव्हा तिन्ही दिसू लागली. नागपुरातल्या एका दुकानदाराने बोर्ड बदलायला सांगितलं होतं. त्याची गरज पडली नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

आजचा दिवस खरा.

लिनक्समध्ये सिस्टिमडी या मूळ यंत्रणेचा लॉगिनडी नावाचा एक कारभारी असतो. कोण आत आहे आणि कोणती वस्तू कुणाच्या खुर्चीची, हे तो सांभाळतो. त्याला आज्ञा द्यायची ती लॉगिनसीटीएल या नावाने. सुरुवातीला एकच खुर्ची असते, सीट-झिरो, आणि पेटीतलं सगळं तिच्याच मालकीचं. 'सीट-स्टेटस' म्हटलं की पडद्यावर झाडासारखी यादी उतरते. प्रत्येक कीबोर्ड, प्रत्येक माउस, प्रत्येक आवाजाचं कार्ड, आणि त्यापुढे त्याचा लांबलचक पत्ता. बोर्डाच्या कोणत्या वाटेने, कोणत्या फाट्याने, कोणत्या भोकात. ग्राफिक्स कार्डापुढे चौकटी कंसात 'मास्टर' असा शिक्का. ज्या खुर्चीजवळ असं मास्टर कार्ड नाही, तिच्यावर ग्राफिक्सची बैठक उभी राहत नाही.

मग वाटणी. दुसरं कार्ड 'अटॅच' म्हणून सीट-वनला दिलं, तिसरं सीट-टूला. आता कीबोर्ड-माउस एकेक करून द्यायचे की काय? नाही. प्रत्येक खुर्चीला एक यूएसबी हब घेतला होता. तो अख्खा हबच खुर्चीच्या नावे करायचा. त्यानंतर त्या हबात जे खोचाल ते त्या खुर्चीचं. कीबोर्ड मोडला, दुसरा लावा, आज्ञा पुन्हा द्यायला नको. हेडफोनसाठी छोटं यूएसबी साउंड कार्डही त्याच हबात.

हे वाटप यूडेव्हच्या नियमांच्या फाइलींत लिहून राहतं, त्यामुळे वीज गेली-आली तरी टिकतं. पण त्यात एक अट दडलेली आहे. नियम ओळखतो ते हबाला नाही, पेटीच्या भोकाला. झाडताना कुणी लाल हब काढून पिवळ्याच्या भोकात खोचला, तर दुसऱ्या खुर्चीचा माउस तिसऱ्या पडद्यावर धावेल. म्हणून पेटीच्या पाठीला भोकांशेजारी आणि हबांच्या वायरींना नेलपॉलिशचे ठिपके दिले, लाल आणि पिवळे. पहिल्या खुर्चीला ठिपका नको. जे कुणाच्या नावे नाही ते आपोआप तिचंच.

पेटी पुन्हा सुरू केली. पहिल्या पडद्यावर नाव विचारणारी चौकट आली. मग दुसऱ्यावर. तिसरा काळाच. मदतनीस मुलाचा चेहरा पडला. यादी काढली तर तिसऱ्या कार्डाचा मुख्य भाग सीट-टूला गेलेला, पण त्याच्याच पडद्याची जुनी चौकट, म्हणजे फ्रेमबफर, सीट-झिरोकडे अडकलेली. तीही सीट-टूला दिली, पेटी परत सुरू केली, आणि तिन्ही पडद्यांवर एकाच वेळी तीच चौकट उभी राहिली. पोरगं ओरडलं, "तिघंही आले जी!" शेजारच्या अभ्यासिकेतली मुलं वह्या घेऊनच धावत आली.

बुधवार, ५ नोव्हेंबर

धानकापणी जोरात. मुलं शेतावर, वाचनालय अर्धं रिकामं. टेबलांची मांडणी करून घेतली. यूएसबीची वायर पाच मीटरच्या पुढे नेऊ नये, म्हणून पेटी मधे आणि खुर्च्या तिच्या तिन्ही बाजूंना. कुणाचा पडदा कुणाकडे वळलेला नको, हेही पाहिलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

अध्यक्ष सरांच्या प्रश्नाकडे वळलो. एकाचं अडकलं तर?

मुद्दाम पाहिलं. पहिल्या खुर्चीवर एका मुलाला सांगितलं, फायरफॉक्समध्ये उघडता येतील तेवढे टॅब उघड, व्हिडिओसकट. मेमरी भरली आणि तिन्ही पडदे गुदमरले. दुसऱ्या खुर्चीवरच्या मुलीचं पत्र अर्ध्यावर थांबलं. हाच खरा धोका. एकाच्या हावरेपणाची किंमत शेजाऱ्याने मोजायची.

उपाय दोन. एक, मेमरी आठची सोळा जीबी केली. जुन्या पट्ट्या स्वस्त मिळतात. दुसरा जास्त मोलाचा. आत आलेल्या प्रत्येकाची सगळी कामं सिस्टिमडी त्याच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतो, आणि प्रत्येक कप्प्याला मेमरीची मर्यादा घालता येते. एक छोटी फाइल लिहिली की नियम सगळ्या वापरकर्त्यांना सारखा लागू. प्रत्येकाला चार जीबी घातली. पुन्हा त्याच मुलाने तोच प्रयोग केला. त्याचे टॅब एकामागून एक कोलमडले, त्याचा स्वतःचा पडदा रखडला, आणि शेजारची मुलगी शांतपणे टंकत राहिली. सर तिच्या मागे उभे राहून पाहत होते. "बरोबर आहे," म्हणाले. "ज्याचं त्याला."

पण दुसरी बाजूही त्यांना सांगितली, ती लपवण्यात अर्थ नाही. पेटीचा वीजपुरवठा जळाला किंवा डिस्क गेली, तर तिन्ही खुर्च्या एकदम बसतील. म्हणून जुना संगणक फेकायचा नाही. रात्री सगळ्यांच्या फाइलींची प्रत त्याच्यावर जाते, आणि अडीअडचणीला अर्ज भरायला तो आहेच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

लिनक्सच्या काही गोष्टी अशा आहेत की जणू कुणी वाचनालयात बसूनच योजल्या.

तिघं आत असताना एकाने 'शट डाउन' दाबलं तर पेटी बंद होत नाही. इतरांची बैठक चालू आहे असं सांगून व्यवस्थापकाचा पासवर्ड मागते. पेटीवरच्या बटणाला मात्र हे शहाणपण नाही, म्हणून ते सेटिंगमध्ये निकामी केलं. भिंतीवरच्या बटणाला पुठ्ठ्याचं झाकण लावलं. त्यावर इलाज तोच.

पेनड्राइव्ह ज्या खुर्चीच्या हबात लावला त्याच खुर्चीवर उघडतो. दुसऱ्या खुर्चीवरून उघडू पाहिलं तर पुन्हा पासवर्ड. आणि डेबियनमध्ये नव्या खात्याचं घर मुळातच बंद असतं. मालकाशिवाय इतर वापरकर्त्यांना आत डोकावता येत नाही. व्यवस्थापकाला येतं. म्हणून तो पासवर्ड कुणाकडे असावा हे समितीच्या वहीत नावासह लिहून घेतलं आहे.

ज्या मुलीने विचारलं होतं तिचं खातं आज तिच्यासमोर काढलं. पासवर्ड टाकताना मी तोंड फिरवून उभा राहिलो. तिने आपल्या फाइली पाहिल्या, मग दुसऱ्या खुर्चीवर मैत्रिणीला बसवून तिच्या खात्यातून त्या उघडायला लावल्या. उघडल्या नाहीत. तिने पुन्हा करून पाहायला लावलं. मग म्हणाली, "आता बरं हाय." माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा तिची ती तपासणी चोख होती.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मराठी टंकलेखन. आयबसमध्ये इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन, शिवाय टंकयंत्राच्या जुन्या मांडणीचा पर्यायही आहे. सरकारी टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तो शेवटचा हवा असतो, बाकीच्यांना मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरांतून लिहायचं असतं. तीन खुर्च्या, तीन मांडण्या, एकाच वेळी. कुणी बदललेली मांडणी दुसऱ्याच्या माथी येत नाही. जुन्या संगणकावर या एका गोष्टीवरून रोज कुरबुर व्हायची.

मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमातले लिनक्स आणि लिबरऑफिसचे मराठी धडे उतरवून सामायिक फोल्डरात ठेवले. डिस्कवर एकदाच जागा, पाहतात तिघंही. नेट नसलं तरी चालतात.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज थोडं मोकळं बसून लिहितो.

खेड्यातल्या मुलापर्यंत संगणक कसा पोचवायचा, यावर या वीसेक वर्षांत वेगवेगळ्या वाटा झाल्या. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' हा प्रयोग आला. हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप, आत लिनक्सच. त्याच सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातल्या मंडळींनी पाहिलं की खेड्यातल्या शाळेत एका संगणकाभोवती मुलांचा घोळका असतो, माउस एकाच्याच हातात आणि बाकीचे प्रेक्षक. त्यांनी एकाच पडद्यावर अनेक माउस आणि प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण अशी सोय केली. आंध्र प्रदेशाने २००८ मध्ये हजारो सरकारी शाळांसाठी एका संगणकाला अनेक पडदे जोडण्याची वाट धरली. ब्राझीलमध्ये तर पराना राज्यातल्या संघीय विद्यापीठाने लिनक्सवर चार-चार मुलं बसतील अशी यंत्रं तयार केली आणि ती राज्याच्या सुमारे दोन हजार शाळांत गेली. पुढे २००९ मध्ये त्या देशाने साडेतीन लाखांवर अशा खुर्च्यांची योजना जाहीर केली.

मला खैरातची कल्पना मनापासून आवडते, कारण मुलाचं स्वतःचं काही असावं हे त्यात होतं. पण ती परवडायला मागे मोठं बळ लागतं. घोळक्याच्या पडद्यावर अनेक माउस दिले तर हात मोकळे होतात, पण लिहिलेलं कुणाचंच राहत नाही. आमची वाट या दोन्हींच्या मधली आहे. यंत्र सगळ्यांचं, त्यातलं घर ज्याचं त्याचं. वरठीसारख्या गावात, जिथे कारखान्याच्या पाळीवर जाणारा बाप, धानाच्या बांधीत जाणारी आई आणि संध्याकाळी सहाच्या आत अर्ज भरायची घाई असलेली मुलगी एकाच घरात असतात, तिथे हेच मला जास्त पटतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे नोंदवतो. हे केवळ पैसे वाचवण्यासाठी म्हणून कुणी करू नये. वाचलेल्या पैशाला कुणी विचारत नाही. तिसऱ्या खुर्चीवरची मुलगी घोळक्यात उभी न राहता बसते, हे दिसतं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

संध्याकाळी लॉगिनसीटीएल म्हणून यादी काढली. तीन ओळी, तीन नावं, पुढे सीट-झिरो, सीट-वन, सीट-टू. एकजण पोलीस भरतीचा सराव, एकजण पत्र टंकत, आणि पहिल्या खुर्चीवर तिसरीतला एक मुलगा जीकॉम्प्रिस या शैक्षणिक खेळात गणितं सोडवत. त्याला भावाने आणून बसवलं होतं. तासाभराने नावं बदलली. वहीवर वेळेच्या चौकटी आखल्या आहेत, पण आता पूर्वीसारखं कुणी दाराशी ताटकळत नाही.

भंडाऱ्याहून एक शिक्षक पाहायला आले होते. त्यांच्या शाळेत विंडोज १० वाले संगणक कपाटात ठेवून दिलेत, नवे येईपर्यंत. त्यांना काय सांगितलं तेच इथे लिहितो, म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल.

मार्चअखेर कार्यालयांतून जुन्या पेट्या भंगारात निघतील. त्यांतली डिस्क काढून ठेवा, ती द्यायचं कारण नाही. पण पेटी देण्याआधी झाकण उघडून पाहा. आत एक जरी लांब खाच रिकामी असेल, तर त्या पेटीवर दोन माणसं बसू शकतात. दोन असतील तर तीन. अशी पेटी किलोने विकू नका. जवळच्या गावच्या वाचनालयाला, शाळेला, अभ्यासिकेला विचारा. आणि बसवून द्यायला माणूस मिळत नसेल तर वरठीच्या वाचनालयात या, इथली मुलं शिकवतील.